तहान आणि तृष्णा : बौद्ध मोहविचाराचे एक परिशीलन

जीव दुःखी का होतो, हा प्रश्न कोणा एका मार्गाचा नाही. ज्याने ज्याने संसाराकडे डोळे उघडून पाहिले त्याला तो पडला आहे, आणि ज्याने त्याने आपापल्या दर्शनानुसार त्याचे उत्तर दिले आहे. भगवान बुद्धांनी दिलेले उत्तर महाराष्ट्राला परके नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ते सह्याद्रीच्या कातळात वस्तीला आले आणि १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतल्यावर ते पुनश्च लक्षावधी मराठी घरांत नांदू लागले. तथापि आपल्या मार्गातील अभ्यासकांना बौद्ध मत ठाऊक असते ते बहुधा पूर्वपक्ष म्हणून, खंडनापुरते. सूत्रपाठात अन्यव्यावृत्ती हे प्रकरण आहे, आणि अन्य मतांचा विचार करणे हा आपल्या अभ्यासाचा भागच आहे. परंतु ज्याची व्यावृत्ती करावयाची त्याचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत नीट ऐकून घ्यावे, हा वादाचा पहिला नियम होय. यास्तव मोह आणि तृष्णा यांविषयी बौद्धांचे म्हणणे काय आहे, ते कोठवर आपल्याला उपकारक आहे आणि कोठे आपली वाट वेगळी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे.

या विचाराला निमित्त झाले ते असे. गेल्या मार्गशीर्षात अटन करीत आम्ही रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून गेलो. कर्जतहून कोंदिवडे गाव गाठले, आणि तेथून रानातील पायवाटेने राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे येथील लेण्यांपर्यंत चढून गेलो. ही लेणी हीनयान काळातील, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. कल्याण बंदरातून घाटावर जाणारा व्यापारी मार्ग याच डोंगररांगेतून चढे, आणि त्या मार्गाच्या आधाराने ही लेणी निर्माण झाली. चैत्यगृह आहे, आत स्तूप आहे, शेजारी विहार आहे. दगडात कोरताना कारागिराने लाकडी घराच्या तुळया, कमानी आणि जाळ्या जशाच्या तशा उतरविल्या आहेत. काळाने पुष्कळ पडझड केली आहे. तरी दर्शनी भागी एका भग्न मूर्तीपाशी एक ओळीचा ब्राह्मी लेख शिल्लक आहे. कण्हाचा अंतेवासी बालक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. कण्ह म्हणजे प्राकृतातला कृष्ण. हे अर्थात त्या बालकाच्या गुरूचे नाव, आपल्या श्रीकृष्णचक्रवर्तींचे नव्हे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, शिष्य. एवढे मोठे काम केलेल्या माणसाने आपली ओळख सांगताना कूळ सांगितले नाही, गाव सांगितले नाही, धन सांगितले नाही. मी कोणाजवळ राहिलो एवढेच सांगितले. त्या एका ओळीपाशी आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

बौद्ध मत

बौद्ध मतानुसार अकुशलाची मुळे तीन : लोभ, द्वेष आणि मोह. यांतील मोह हे मूळांचेही मूळ होय. मोह म्हणजे केवळ न जाणणे नव्हे. भलतेच जाणणे होय. अंधारात दोरी न दिसणे हे अज्ञान, आणि दोरीला सर्प समजून पळणे हा मोह. या भलत्या जाणण्याचे चार प्रकार बौद्ध ग्रंथांत सांगितले आहेत, त्यांस विपल्लास म्हणजे विपर्यास असे नाव आहे. जे अनित्य आहे त्यास नित्य मानणे, जे दुःखरूप आहे त्यास सुख मानणे, जे अनात्म आहे त्यास आत्मा मानणे आणि जे अशुभ आहे त्यास शुभ मानणे, असे ते चार विपर्यास होत. पतंजलीच्या योगसूत्रांतही अविद्येचे लक्षण जवळजवळ याच चार अंगांनी केले आहे, हे अभ्यासकांच्या ध्यानात येईलच. म्हणजे या निदानापुरते तरी अनेक दर्शने एका जागी येतात.

विपर्यास झाला की तृष्णा उपजते. पालीत तिला तण्हा म्हणतात. तिचेही प्रकार तीन. विषयभोगाची ती कामतृष्णा. आपण असेच असावे, याहून मोठे व्हावे, टिकून राहावे अशी ती भवतृष्णा. आणि हे नको, हे नष्ट होवो, मीच नसतो तर बरे, अशी ती विभवतृष्णा. सामान्यतः तृष्णा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहिलीच येते : जिभेचे चोचले, धनाचा हव्यास, देहाचा विकार. परंतु दुसरी आणि तिसरी अधिक सूक्ष्म असून त्यागी पुरुषाच्या झोळीतही लपून राहू शकतात. याचा विचार पुढे येईल.

तृष्णा उपजते कशी, हे बौद्धांनी प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत सांगितले आहे. एक असले म्हणजे दुसरे होते, एक नसले म्हणजे दुसरे होत नाही, असे त्याचे सूत्र. यासाठी दूरचा दृष्टान्त नको. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ सालापासून पाण्यावर वीज निर्माण होते. घाटमाथ्यावर तळी बांधून साठविलेले पाणी नळांतून खाली सोडले, त्याने चक्रे फिरली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. आता वीज होती कोठे? पावसात नव्हती, तळ्यात नव्हती, नळात नव्हती, चक्रातही नव्हती. ही सर्व एकत्र आली तेव्हा ती झाली. यांतील एक काढले की ती थांबते. तद्वत् इंद्रिय, विषय आणि विज्ञान यांचा संयोग झाला म्हणजे स्पर्श होतो, स्पर्शापासून वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, वेदनेपासून तृष्णा, तृष्णेपासून उपादान म्हणजे कवटाळणे, आणि तेथून पुढे भव, जन्म, जरामरण. यांत साधकाच्या हाती येणारी जागा एकच : वेदना आणि तृष्णा यांच्या मधली. गोड लागले, येथवर कोणाचा इलाज नाही. ‘आणखी हवे’ हे मात्र त्यानंतर येते, आणि मोहामुळे येते. वरून आलेल्या पाण्याचा नळ जसा एका ठिकाणी बंद करता येतो तसा हा ओघ येथे अडविता येतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते बौद्ध विचारातील सर्वांत उपयुक्त भाग हाच होय.

शांतता विकत घेणारा आणि जमीन विकणारा

आता हा विपर्यास व्यवहारात कसा दिसतो ते पाहावे. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. खाली खाचरे, वर वरकस जमीन, तिच्यात नाचणी-वरी, आणि डोंगराच्या अंगाला ठाकर, कातकरी यांच्या वाड्या. मुंबई जवळ, पुणे जवळ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तो खालापूर तालुक्यातूनच जातो. त्याच्याही आधीपासून येथील जमिनीवर शहराचा डोळा होता. त्यानंतर तर जागोजागी फलक उभे राहिले. त्या फलकांवर डोंगर असतो, नदी असते, आणि शांतता विकावयास ठेवलेली असते.

अशाच एका शेतघराच्या ओसरीवर आम्ही दुपारी टेकलो होतो. घराचे धनी मुंबईचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी आदराने पाणी दिले, बसावयास दिले आणि बोलता बोलता म्हणाले, ‘‘बाबा, तिकडच्या धकाधकीला कंटाळून हे घर घेतले. आठवड्यातून दोन दिवस तरी निवांत मिळावेत एवढीच इच्छा. पण आता इथे आलो की पंप बिघडलेला असतो, कुंपण पडलेले असते, शेजाऱ्याने बांध सरकवलेला असतो. आणि तिकडे असलो की इथली काळजी.’’ आम्ही विचारले, ‘‘मग विकून का टाकीत नाही?’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘भाव वाढतो आहे ना.’’

या गृहस्थांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना जे हवे होते ते वाईट नव्हते. विश्रांती हवी होती. परंतु विश्रांती ही चित्ताची अवस्था असून ती त्यांनी वस्तूच्या ठिकाणी शोधिली. आणि वस्तू म्हटली की तिच्यामागून राखण, हिशेब, भाव आणि भय ही आलीच. दुःखाच्या कारणास सुखाचे साधन मानणे, हा दुसरा विपर्यास तो हाच. इच्छा खोटी नव्हती, तिची जागा चुकली होती. आणि जागा चुकल्याचे कळल्यावरही ‘भाव वाढतो आहे’ हे वाक्य त्यांना तेथेच बांधून ठेवीत होते. कवटाळणे म्हणतात ते यालाच.

त्याच घराचा राखणदार साठीचा म्हातारा होता. तो आम्हांला वाटेपर्यंत पोचवावयास आला. ती जमीन पूर्वी त्याचीच. सातबारावर भावांची नावे होती, मुलीचे लग्न होते, मुलाला गाडी घ्यावयाची होती, दलाल रोज दारात बसे. पैसा आला आणि तीन-चार वर्षांत गेला. आता तो आपल्याच खाचरावर लावलेल्या हिरवळीला पाणी घालतो आणि महिन्याचा पगार घेतो. तो म्हणाला, ‘‘बाबा, जमीन गेली तिचं मी काही बोलत नाही, सही माझीच होती. पण मिरगाचा पाऊस आला की रात्री झोप मोडते. लावणीची वेळ झाली असं वाटतं. मग आठवतं की आपल्याला लावायचं काही नाही.’’

या दोघांना एका मापाने मोजता येईल काय? दोघांनीही अनित्यास नित्य मानले. एकाने घराला, दुसऱ्याने नोटांना. एवढे खरे. परंतु पहिल्याला निवड होती. दुसऱ्याच्या मागे लग्न, कर्ज, भाऊबंदकी आणि दलाल होते. येथूनच या लेखातील मुख्य शंका उद्भवते.

शंका आणि समाधान

शंका अशी : तृष्णा हेच दुःखाचे मूळ असेल, तर ज्याने कसलाही हव्यास केला नाही त्याच्या दुःखाचे काय? खालापूर तालुक्यातच चौक गावाजवळ इर्शाळगड आहे. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकर लोकांची वस्ती होती. दि. १९ जुलै २०२३ रोजी रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा भाग कोसळून त्या वाडीवर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीस आलेल्यांना चिखलातून पायी चढावे लागले. चार दिवसांच्या शोधानंतर काम थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. निजलेल्या लेकरांनी कोणती तृष्णा केली होती? अशा ठिकाणी उभे राहून तृष्णेचे व्याख्यान देणे हा निष्ठुरपणा नव्हे काय?

या शंकेचे समाधान तीन पायऱ्यांनी करावे लागते.

पहिली पायरी : बौद्ध मतात दुःख एका प्रकारचे मानलेले नाही. जरा, व्याधी, मरण, प्रियाचा वियोग ही दुःखे आहेतच. ती वेदनारूप आहेत. त्यांवर मन जे दुसरे दुःख रचते ते तृष्णारूप. बुद्धवचनांत याला दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण देहाला लागतो, तो ज्ञानी-अज्ञानी दोघांनाही लागतो. अज्ञानी पुरुष शोक करून आपल्या हाताने दुसरा बाण मारून घेतो. इर्शाळवाडीवर पडला तो पहिला बाण. दरड कोसळली ती पावसाने आणि डोंगराच्या रचनेने. तिला मेलेल्यांच्या इच्छेचे फळ म्हणणे हे बुद्धमताला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. आपल्यातील काही जण अशा प्रसंगी चटकन ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणून मोकळे होतात. कर्मविचार हा आपले आपण सावध व्हावे यासाठी आहे. दुसऱ्याच्या प्रेताशेजारी उभे राहून हिशेब मांडण्यासाठी नाही.

दुसरी पायरी : गरज आणि तृष्णा एक नव्हेत. धम्मपदाच्या अट्ठकथेत एक कथा आहे. बुद्ध आळवी नगरीत धर्मोपदेशासाठी गेले. एका गरीब शेतकऱ्याला तो ऐकावयाचा होता, पण त्याचा बैल हरवला. तो रानात दिवसभर हिंडला, बैल सापडल्यावर उपाशीपोटी तसाच सभेला आला. बुद्धांनी त्याच्यासाठी उपदेश थांबवून ठेवला होता. त्यांनी आधी विचारले की भिक्षूंच्या अन्नातले काही उरले आहे काय, त्याला जेवू घातले, आणि मगच बोलावयास आरंभ केला. भिक्षूंना हे विचित्र वाटले, तेव्हा त्यांनी भुकेसारखा दुसरा रोग नाही, असे समजाविले. भुकेल्याला ‘इच्छा सोड’ असे त्यांनी सांगितले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तृष्णा शब्दाचा मूळ अर्थच तहान. आता याच रायगड जिल्ह्यात, जेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, दि. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. ती तहान तृष्णा होती काय? नव्हती. ती मनुष्याची मनुष्य म्हणून असलेली मागणी होती. तृष्णा होती ती पाणी नाकारणाऱ्यांच्या ठिकाणी. आपण श्रेष्ठ आहोत, आपले श्रेष्ठत्व टिकले पाहिजे, दुसऱ्याच्या स्पर्शाने ते नष्ट होते, असे मानणे ही भवतृष्णा; आणि जन्माला शुद्धी-अशुद्धी चिकटविणे हा तर उघड विपर्यास होय. म्हणजे जो तहानेला होता तो निर्मोह होता, आणि ज्याच्या ताब्यात तळे होते तो मोहग्रस्त होता. तृष्णेचा विचार गरिबाला गप्प बसविण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो असा उलटा वापरला जातो.

डॉ. आंबेडकरांनाही हा धोका जाणवला होता. १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख असेच सांगितले तर माणसाला आशा काय उरली, असा त्यांचा प्रश्न; आणि ही सत्ये मूळची की भिक्षूंनी मागाहून घातलेली, असाही. आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्यासारख्या पाली पंडितांनी चार आर्यसत्ये बुद्धोपदेशाचे मर्मच मानली. या वादाचा निर्णय देणे हे आमचे काम नव्हे. परंतु अनुयायीसुद्धा आपल्या मार्गातील मुख्य सिद्धान्ताला प्रश्न विचारू शकतो आणि तरी अनुयायी राहू शकतो, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

तिसरी पायरी : सर्व इच्छा त्याज्य असे बौद्ध म्हणतच नाहीत. पालीत तृष्णेहून वेगळा असा छंद शब्द आहे. चांगले करण्याची जी उत्सुकता, साधना करण्याची जी हौस, ती कुशल छंद होय. तिच्यावाचून साधक आसनावर बसणार देखील नाही. चिखलातून रात्री इर्शाळवाडीकडे चढणाऱ्या माणसांच्या ठिकाणी इच्छा होतीच. त्या इच्छेत ‘मला’ नव्हते. तृष्णा आणि छंद ओळखण्याची खूण हीच धरावी की तृष्णा तृप्त झाली तर वाढते, आणि छंद तृप्त झाला तर शमतो. भुकेला जेवला की भूक सरते. माणूस बाहेर निघाला की काढणारा हात मोकळा होतो. मात्र जमिनीचा भाव वाढला की आणखी वाढावा असे वाटते.

त्यागी पुरुषाची तृष्णा

येथवर गृहस्थांचे बोललो. आता आपल्याकडे वळावे. उपादानाचे चार प्रकार बौद्धांनी सांगितले आहेत : विषयांचे, मतांचे, शीलव्रतांचे आणि आत्मवादाचे. यांतील पहिले गृहस्थाचे असेल, परंतु दुसरे आणि तिसरे बहुतांशी आपल्यासारख्यांचे आहे. माझेच मत खरे असे कवटाळणे, आणि आचाराच्या बाह्यांगालाच मोक्ष मानून बसणे. नदी उतरण्यासाठी बांधलेला तराफा पैलतीरी पोचल्यावर कोणी डोक्यावर घेऊन हिंडत नाही. तद्वत् धर्म हा तरून जाण्यासाठी आहे, बाळगण्यासाठी नाही, असा दृष्टान्त बुद्धांनी भिक्षूंनाच दिला होता, गृहस्थांना नव्हे.

या ठिकाणी स्वतःचा एक दोष सांगणे आम्हांस प्राप्त आहे. विद्यार्थिदशेत आम्ही एका जुन्या पोथीची नक्कल केली होती. सूत्रांवरील एक टिपण तीत होते, ते अन्यत्र आमच्या पाहण्यात नव्हते. आमच्या एका गुरुबंधूने ती नक्कल मागितली. तो आमच्याहून बुद्धीने अधिक होता. आम्ही आज देतो, उद्या देतो म्हणत राहिलो. मनात असे की, या टिपणावर प्रथम आपण लिहावे, आणि ज्ञात्यांनी म्हणावे की हे अमक्याने उजेडात आणले. धन नको म्हणून घर सोडले होते, आणि एका कागदाच्या गठ्ठ्याला कवटाळून बसलो होतो. पुढे तो गुरुबंधू आजारी पडला आणि गेला. आम्ही लिहिलेही नाही. पुष्कळ वर्षांनी पेटी उघडली तेव्हा वाळवीने निम्मी पाने खाल्ली होती. अनित्यास नित्य मानणे, हे वाक्य त्या आधी आम्ही अनेकदा शिकविले होते. कळले त्या दिवशी.

कोंडाण्याच्या त्या लेखापाशी आम्ही बसून राहिलो त्याचे कारण हे होते. मी अमक्याचा अंतेवासी, एवढेच म्हणणारा तो माणूस आणि आपल्या नावाने टिपण प्रसिद्ध व्हावे म्हणून गुरुबंधूला झुलविणारा हा माणूस. अर्थात त्या बालकानेही आपले नाव कोरविलेच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्यागी पुरुषालाही नाव सुटले नव्हते असे समजावे, आणि आपली वाट किती अवघड आहे ते ओळखावे. त्याने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले, एवढा फरक मात्र राहतोच.

आपली वाट वेगळी होते ती जागा

निदानात इतके साम्य असता मतभेद कोठे? तो उपचारात आणि रोग्याच्या स्वरूपात आहे. बौद्ध मतानुसार ‘मी’ नावाची नित्य वस्तूच नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांच्या ओघाला आपण ‘मी’ म्हणतो, आणि हाच सर्वांत खोल विपर्यास. आपल्या मार्गात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न मानिले आहेत. जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे. तो आहे म्हणूनच बद्ध आहे, आणि आहे म्हणूनच मुक्त होऊ शकतो. बौद्धांना आपण विचारतो : जर कोणी नाहीच, तर मुक्त कोण होतो? ते म्हणतात : बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कूळ-गोत्र विचारीत बसू नये, आधी बाण काढावा. हे उत्तर साधकाला उपयोगी आहे, परंतु प्रश्नाचे उत्तर नव्हे, असे आमचे नम्र मत आहे.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. इच्छा अस्थानी आहे असे म्हटले की तिला कोठेतरी स्थान आहे असे मान्य होते. चुकलेली वाट म्हणण्यासाठी बरोबर वाट असावी लागते. बौद्ध मार्ग तृष्णा विझविण्यास सांगतो. निर्वाण शब्दाचा अर्थच विझणे. आपला मार्ग जीवाची ओढ विषयांकडून सोडवून परमेश्वराकडे वळविण्यास सांगतो. तेथे ती तृष्णा राहत नाही, तिचे प्रेम होते. बौद्ध मतात आपला उद्धार आपणच करावयाचा असतो, बुद्ध केवळ वाट दाखविणारे. आपल्या मते जीवाचे प्रयत्न आवश्यक असले तरी अनादि अविद्या जीवाच्या बळाने छेदली जात नाही. ते परमेश्वराचे कार्य होय. हा भेद मोठा आहे, तो झाकून ‘सगळे एकच’ म्हणण्यात ना त्यांचा मान ना आपला.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. आपली तृष्णा परमेश्वराकडे वळली आहे असे म्हणणे फार सोपे आहे. तीर्थस्थानी जाऊन संततीचे, खटल्याचे, नोकरीचे मागणे मांडणारा आणि त्यालाच भक्ती म्हणणारा आपल्यातही आढळतो. तृष्णेने फक्त दुकान बदललेले असते. ती खरोखर वळली की नाही हे तपासण्यासाठी बौद्धांची परीक्षा फार कामाची आहे. म्हणून साध्यात भेद असूनही चित्तशोधनाच्या कामी त्यांचे ऋण मानण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

उपसंहार

वासनिक आणि भिक्षुक दोघांनीही नित्य करण्याजोगा अभ्यास असा सुचवावासा वाटतो. एखादी इच्छा मनात उठली की तिला तत्काळ शिव्या देऊ नयेत, आणि तत्काळ उठून तिच्यामागे जाऊही नये. तिला तीन प्रश्न विचारावे. मला खरोखर हवे आहे ते काय? ते मी जेथे शोधतो आहे तेथे असते काय? आणि हे मिळाल्यावर ही इच्छा शमेल की वाढेल? त्या मुंबईच्या गृहस्थाने पहिला प्रश्न विचारला असता तर उत्तर आले असते, विश्रांती. दुसरा विचारला असता तर कदाचित घर घेतलेच नसते. त्या राखणदाराला मात्र हे तीन प्रश्न विचारण्याआधी आपण स्वतःस एक चौथा विचारावा : याच्या गरजेच्या वेळी याच्या दारात दलालच का बसला होता, आपल्यापैकी कोणी का बसले नाही?

दुसऱ्याच्या ठिकाणी गरज पाहावी आणि आपल्या ठिकाणी तृष्णा शोधावी. बहुधा आपण याच्या उलट करतो, आणि आम्हांस वाटते, माणसाच्या सर्व विपर्यासांत हा विपर्यास अधिक सुधारण्यासारखा आहे. लिहिण्यात काही न्यून राहिले असेल तर ज्ञात्यांनी दाखवून द्यावे. निम्मी उरलेली ती पोथी आता जो मागेल त्याला नकलून घेण्यास खुली आहे. दंडवत प्रणाम.